शिष्टाईचे फासे

एका रविवारी आमच्या टेबलावर सहा गॉब्लिनांशी, म्हणजे खेळातल्या छोट्या राक्षसांशी, झालेली लढाई पावणेदोन तास चालली. त्याआधी त्याच गॉब्लिनांच्या म्होरक्याशी पूल ओलांडू देण्याबद्दल बोलणी झाली होती. ती चार मिनिटांत आटोपली. त्या चार मिनिटांत चौघांपैकी एकच खेळाडू बोलला. त्याने वीस बाजूंचा फासा टाकला, सात पडले, बोलणी फिसकटली. लढाईत मात्र चौघांचीही पाळी पुन्हा पुन्हा आली. कोणी जखमी झाले, कोणी बेत बदलला, एक जण मरता मरता वाचला. खेळ मी चालवत होतो. घरी परतताना मला त्या पावणेदोन तासांचे काही वाटले नाही, पण त्या चार मिनिटांनी झोप उडवली. गॉब्लिनांना तो पूल का हवा होता, हे मी आठवडाभर बसून लिहिले होते. ते कोणाला विचारावेसेच वाटले नाही, आणि विचारायला खेळाच्या नियमांनी वाटही ठेवली नव्हती.

टेबलावरचे रोलप्लेइंग गेम ज्यांनी खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या जागी उभा राहतो आणि ते पात्र काय करते, काय बोलते ते सांगतो. बाकीचे सगळे जग, म्हणजे राजे, चोर, राक्षस, हवापाणी, गेम मास्टरच्या वाट्याला येते. एखादी गोष्ट साधेल की फसेल याची खात्री नसली की नियम आणि फासे मदतीला येतात. शेवटी कोणी जिंकत नाही. मंडळी जमत राहतील तोवर गोष्ट पुढे जाते.

या खेळात लढाई किती आणि संवाद किती, हा वाद खेळाइतकाच जुना आहे. बहुतेकदा तो घड्याळावर मोजला जातो: संध्याकाळचे चार तास, त्यातले दोन तलवारीला, दोन बोलण्याला. मला ही मोजणीच चुकीची वाटते. पावणेदोन तासांची लढाई रंगते, कारण नियमांनी तिची रचना नीट बांधलेली असते. सगळ्यांना पाळी मिळते, दोन्ही बाजू थोडेथोडे काही गमावत जातात, मधेच डाव बदलता येतो, आणि ती कधी संपली हे सर्वांना कळते. संवादाला यातले काहीच न देता एक फासा हातात ठेवायचा आणि मग तो फिका का पडतो म्हणून हळहळायचे, असे गेली कित्येक वर्षे चालले आहे.

याचे मूळ शोधायला थोडे मागे जावे लागते, आणि तिथे आपल्याच अंगणातली एक वस्तू सापडते. बुद्धिबळाचे मूळ रूप असलेले चतुरंग भारतातून इराणात गेले, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात पोचले. 1780 मध्ये जर्मनीतल्या ब्रुन्सविकच्या योहान हेल्विगने बुद्धिबळाचा पट खूप मोठा केला, घरांना डोंगर, पाणी, जंगल अशी ओळख दिली आणि त्यावर लढाई मांडली. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झचा नकाशावरचा युद्धखेळ आला. त्यात फासे होते, तोट्याची कोष्टके होती, आणि दोन्ही बाजूंच्या मधे बसणारा एक पंच होता. पुढे 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ सोपवावा, असे सुचवले. आजचा गेम मास्टर या पंचाचाच वारस आहे.

अमेरिकी सेनाधिकारी चार्ल्स टॉटन यांनी 1880 मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचे युद्धखेळाचे पुस्तक लिहिले. जवळजवळ नव्वद वर्षांनी ते मिनेसोटातल्या डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती लागले. खेळाडूला काहीही करून पाहता यावे आणि पंचाने त्याचा निकाल द्यावा, ही त्यातली कल्पना त्याने उचलली. 1969 मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाच्या कल्पित गावात नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. सैन्ये गावाजवळ येणार होती. ज्यांना सैन्य मिळाले नाही त्यांना त्याने नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख अशा भूमिका दिल्या. लढाई झालीच नाही. लोक कोपऱ्यांत जाऊन एकमेकांशी सौदे करू लागले, कटकारस्थाने रचू लागले, दोघांनी तर परस्परांना द्वंद्वाचे आव्हान दिले, आणि त्याचा निकाल कसा लावायचा हे वेझलीला जागच्या जागी ठरवावे लागले. आपला खेळ पार फसला, असे त्याला वाटले. खेळाडू मात्र पुन्हा खेळू या म्हणून मागे लागले.

या कलेच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. लढाई राहून गेली आणि माणसे बोलत बसली, त्यातून हा खेळ जन्माला आला. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचे स्वतःचे जग उभे केले, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सला ते दाखवले, आणि 1974 मध्ये दोघांच्या नावावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला: एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका.

त्या पुस्तिकांना लढाईचा पाया गायगॅक्सच्याच ‘चेनमेल’ या 1971 च्या युद्धखेळातून मिळाला. म्हणून त्यांत घावांचे, चिलखतांचे, राक्षसांचे आकडे भरपूर आहेत आणि ब्राउनश्टाइनमधल्या कुजबुजीचा मागमूस लागत नाही, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. पण तो मागमूस आहे. समोर आलेला प्राणी कसा वागेल हे ठरवण्यासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे कोष्टक त्यांत होते. 1981 मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी नवशिक्यांसाठी जी आवृत्ती लिहिली, तिच्यात हे कोष्टक अगदी स्वच्छ मांडले आहे. बेरीज 2 आली तर प्राणी लगेच हल्ला करतो. 3 ते 5 आली तर तो वैरभावाने वागतो, हल्ला करेलही. 6 ते 8 म्हणजे त्याचे अजून ठरलेले नाही. 9 ते 11 म्हणजे तो निघून जाईल किंवा तुमचे म्हणणे ऐकून घेईल. 12 आली तर मैत्री.

गणित करून पाहा. लगेच हल्ला होण्याची शक्यता 36 पैकी 1, म्हणजे मैत्रीइतकीच. 36 पैकी 16 वेळा समोरचा अजून घुटमळत असतो, आणि पुढचे सगळे खेळाडूंच्या बोलण्यावागण्यावर ठरते. राक्षस दिसला की तलवार उपसायची, ही सवय या आवृत्तीने लावली नव्हती.

बक्षिसाचा हिशोबही तसाच होता. सुखरूप बाहेर आणलेल्या खजिन्यातल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळे. एका गॉब्लिनला मारल्याचे गुण अवघे 5. पहिल्या पायरीवरच्या योद्ध्याला दुसरी पायरी गाठायला 2000 गुण लागत. म्हणजे एकट्याने 400 गॉब्लिन मारायचे, किंवा कोणालाही न मारता, बोलून, लपून, लाच देऊन, वचन देऊन एक चांगली पेटी बाहेर काढायची. त्या योद्ध्याच्या अंगात सुरुवातीला जेमतेम एक ते आठ हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची ताकद, असत आणि एका घावात खेळ संपू शके. अशा वेळी शहाणी माणसे बोलतात. संवादाची दोन-तीन पानेच होती, पण खेळाचे अर्थकारण त्याच्या बाजूने होते.

हे अर्थकारण पुढे हळूहळू मोडले. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत नाण्यांचे गुण ऐच्छिक झाले. 2000 साली तिसरी आवृत्ती आली तोवर खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेला होता, आणि गुण मुख्यतः प्रतिस्पर्ध्यांना नमवल्याचे मिळू लागले. नमवणे बोलूनही चालेल, असे नियमात म्हटले होते. पण पात्राच्या कागदावरचे निम्म्याहून अधिक रकाने घाव आणि बचावाचे असले, तर खेळाडूचा हात कुठे जाणार? ज्याचा मोबदला मिळतो तेच माणूस करतो, मग पुस्तकाच्या प्रस्तावनेत काहीही लिहिलेले असो.

याच आवृत्तीत मुत्सद्देगिरी हे वेगळे कौशल्य झाले आणि त्याला ठरलेले आकडे मिळाले. 2003 च्या सुधारित नियमांत जिवावर उठलेल्या शत्रूला तटस्थ करायला 25, मित्र करायला 35. समोर शेतकरी असो की सम्राट, आकडा तोच. कौशल्याचे गुण चढवत नेणारा खेळाडू थोड्याच काळात अशा जागी पोचे की एका मिनिटाच्या बोलण्यात कोणीही त्याचा मित्र होई. काय बोलला, याला किंमत नाही. समोरच्याला काय हवे आहे, याला तर नाहीच. संवादाला आकडे दिले म्हणून तो बिघडला, असे तेव्हापासून अनेक जण म्हणतात. मला वाटते, तो आकड्यांनी बिघडला नाही, एकाच फाशात कोंबल्याने बिघडला. लढाईसुद्धा एका फाशात उरकली असती तर तितकीच बेचव झाली असती.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने हे ओळखले होते. तीन अपयशांच्या आत ठरावीक यशे गोळा करायची, अशी एक रचना तिने आणली, जेणेकरून दरबारातल्या बोलण्यांत सगळ्यांनी भाग घ्यावा. कल्पना योग्य होती, पण हातात आली ती फासे मोजण्याची कवायत. त्या आवृत्तीची लढाई मात्र इतकी रेखीव होती की बाकी सगळे तिच्यापुढे पोरके वाटे.

2014 च्या पाचव्या आवृत्तीने खेळाचे तीन खांब जाहीर केले: भटकंती व शोध, सामाजिक व्यवहार, आणि लढाई. खांब तीन असले तरी छप्पर एकाच खांबावर पेललेले आहे, हे पुस्तक चाळले तरी दिसते. जादूच्या मंत्रांची यादी घ्या, पात्रांच्या प्रत्येक वर्गाच्या पायऱ्या घ्या, बहुतेक गोष्टी रणांगणावर कामाच्या. गेम मास्टरच्या पुस्तकात बोलण्यांबद्दल एक चांगला भाग आहे. त्यात समोरच्याची वृत्ती, त्याचे आदर्श, त्याची बंधने आणि त्याच्या उणिवा ओळखून वृत्ती कशी पालटावी हे सांगितले आहे. माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या टेबलांवर तो भाग वापरला गेला. 2024 च्या सुधारणेत दुसऱ्यावर प्रभाव टाकण्याची एक वेगळी कृतीच आली. समोरचा आधीच राजी आहे, मुळीच राजी नाही की घुटमळतो आहे, हे गेम मास्टरने आधी ठरवायचे आणि घुटमळत असेल तरच फासा टाकायचा. ही सुधारणा मी मनापासून मान्य करतो. पण फासा फसला तर तीच विनंती पुन्हा करायला सहसा चोवीस तास थांबायचे. म्हणजे दार उघडले किंवा बंद झाले, एवढेच. लढाईत पहिला वार चुकला म्हणून कोणी चोवीस तास थांबत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. तलवार आपण टेबलावर खरोखर चालवू शकत नाही, म्हणून तिला नियम लागतात. बोलू तर आपण खरोखर शकतो, मग बोलण्याला नियम कशाला? नियमांच्या पानांवरून खेळाचा आत्मा मोजू नये, असे या पक्षाचे म्हणणे. एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या, बोलक्या माणसांच्या टेबलावर ते शंभर टक्के खरे आहे. 2015 पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-कलावंत पाचवी आवृत्ती खेळताना जगाने पाहिले. तासन् तास एकही फासा न टाकता रंगणारे संवाद त्यांनी दाखवून दिले, आणि या खेळाला हजारो नवी माणसे दिली. त्याबद्दल मला आदर आहे.

पण त्या माणसांचा बोलणे हाच पेशा आहे. अशक्त माणसालाही या खेळात पहिलवान होता येते, कारण त्याच्या दंडातल्या बळाची परीक्षा नियम घेत नाहीत. मग लाजाळू माणसाला वक्ता का होता येऊ नये? ‘खरोखर बोलून दाखव’ ही अट ज्याला आधीच बोलता येते त्याच्याच पथ्यावर पडते. शिवाय संवाद म्हणजे अभिनय, असा एक समज या कार्यक्रमांमुळे रुजला आहे. तो खोडायला हवा. ‘मी त्याला त्याच्या मुलाची आठवण करून देतो’ असे साध्या आवाजात सांगणारा खेळाडूही संवादच करत असतो. त्याने शब्द निवडले नसतील, पण मुद्दा निवडला आहे. मुद्द्याला किंमत असायला हवी.

आता दुसऱ्या खेळांनी शोधलेल्या वाटा. 1981 च्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’मध्ये लढाई इतकी जीवघेणी आहे आणि पात्राचे बळ इतके कमी वाढते की लोक आपोआप ग्रंथालयात जातात, साक्षीदारांशी बोलतात. तोल साधण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि खात्रीचाही. 1991 च्या ‘व्हँपायर: द मास्करेड’ने पात्राच्या नऊ मूळ गुणांपैकी तीन सामाजिक ठेवले आणि दरबारी राजकारणाचे मोठे स्वप्न दाखवले. पण त्या गुणांना करायला पुरेसे काम दिले नाही. नियमांत दम होता तो पुन्हा नखांत आणि दातांतच. ल्यूक क्रेनच्या ‘बर्निंग व्हील’मध्ये वादविवादाला लढाईसारखीच पूर्ण रचना आहे. दोन्ही बाजू आपले पुढचे डाव गुप्तपणे लिहितात, मग एकेक उघडतात. जिंकणाऱ्याचाही युक्तिवाद जितका खचला असेल तितकी तडजोड त्याला द्यावी लागते. आणि समोरचा काय करेल एवढेच जिंकता येते, त्याच्या मनातली श्रद्धा जिंकता येत नाही. हा भेद करणारा नियम लिहिणाऱ्याने माणसे नीट पाहिलेली आहेत. खेळायला मात्र हे सगळे जड जाते.

माझ्या मते या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर 2004 मध्ये व्हिन्सेंट बेकरने ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’मध्ये दिले. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पश्चिमेसारख्या प्रदेशात धर्माचे तरुण रखवालदार गावोगाव फिरतात आणि लोकांचे तंटे सोडवतात. त्यांच्या कमरेला पिस्तूल असते. कोणताही संघर्ष, मग तो बोलण्याचा असो की गोळीबाराचा, एकाच पद्धतीने चालतो: आधी मूठभर फासे टाकायचे, मग दोन-दोन पुढे सरकवून आपले म्हणणे मांडायचे, आणि समोरच्याने निदान तितकी बेरीज होईल एवढे फासे खर्चून उत्तर द्यायचे. फासे संपत आले की माघार घ्यायची, नाहीतर पायरी चढायची: बोलण्यावरून धक्काबुक्कीवर, तिथून मारामारीवर, मग बंदुकीवर. पायरी चढली की नवे फासे मिळतात. पण प्रत्येक पायरीवर होणारी इजाही वाढते. शब्दांच्या जखमा चार बाजूंच्या फाशांनी मोजतात, गोळीच्या दहा बाजूंच्या.

या रचनेत लढाई आणि संवाद हे एकाच जिन्याचे खालचे-वरचे टप्पे होतात. हरत आलेला खेळाडू स्वतःला विचारतो, या शेतकऱ्याला गप्प करायला मी पिस्तुलाला हात घालणार आहे का? कमरेला तर आहे. नियम अडवत नाहीत, उलट मोह घालतात. महाभारत वाचलेल्या माणसाला हा जिना ओळखीचा वाटेल. उद्योगपर्वात कृष्ण हस्तिनापूरला शिष्टाईला जातो तेव्हा दोन्हीकडची सैन्ये गोळा होत असतात, आणि पाच गावांची मागणी इतकी जड वाटते ती त्यामुळेच. मागे सैन्य नसते तर ती नुसती विनवणी ठरली असती.

बेकरनेच मेगी बेकरसह 2010 मध्ये लिहिलेल्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये सहा बाजूंचे दोन फासे परत आले. कोणाला गळ घालताना बेरीज 7 ते 9 आली, तर समोरचा म्हणतो: करतो, पण आत्ताच्या आत्ता काहीतरी ठोस दे. या एका नियमाने बोलणे थांबत नाही, सौद्यात शिरते. या घराण्यातून पुढे पुष्कळ खेळ निघाले. पूर्णपणे लढाईविना चालणारा ‘वाँडरहोम’सारखा खेळही आज आहे आणि तो देखणा आहे. पण लढाई काढून टाकणे हे तोलाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तो वेगळाच खेळ झाला.

हे सगळे खेळ इंग्रजीत लिहिले गेले, आणि इंग्रजीत समोरच्याला हाक मारायला एकच सर्वनाम आहे. मराठीत खेळू लागलो तेव्हा माझ्या लक्षात आले की आपल्या भाषेतच एक जिना बांधलेला आहे. आपण, तुम्ही, तू. किल्लेदाराला ‘अहो’ म्हणणारा खेळाडू भर चौकात ‘अरे’वर आला की फासे टाकण्याआधीच टेबल गप्प होते. आता मी ती पायरी मोजतो. ‘तू’वर उतरलात तर धाक दाखवायला एक जास्तीचा फासा मिळतो, पण त्या माणसासमोर पुन्हा ‘तुम्ही’वर यायचे तर माफी मागावी लागते किंवा काही गमवावे लागते. नाते जोडण्याची हाक याच्या उलट काम करते. आमच्यातली सर्वांत कमी बोलणारी खेळाडू एकदा वेशीवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला एवढेच म्हणाली, “काका, जेवलात का?” त्या पहारेकऱ्याबद्दल माझ्या वहीत एकच ओळ होती: मुलगा गडावर कैदेत, त्याला सोडवायचे आहे. पुढचा तासभर कोणी तलवार काढली नाही, आणि चौघेही बोलले.

ती ओळ लिहायला मला मोल्डव्हेच्या जुन्या कोष्टकाने शिकवले. बेरीज 6 ते 8 आली की समोरचा घुटमळतो, आणि तो का घुटमळतो हे गेम मास्टरला माहीत असावेच लागते. ते कोष्टक पाच ओळींचे आहे. तुम्ही खेळ चालवत असाल तर पुढच्या रविवारआधी ते वहीत उतरवून घ्या, आणि त्याखाली तुमच्या प्रत्येक गॉब्लिनला काय हवे आहे ते लिहा.